भरतीरेषेपाशी संपणारी ग्रामपंचायत

तेरणाकाठ

नमस्कार. मी मूळची धाराशिव जिल्ह्यातली असून गेली काही वर्षे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका लहानशा किनारी गावात ग्रामसेवक म्हणून काम करते. (या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच आहे.) आपल्याकडची कितीतरी मुले-मुली जिल्हा परिषदेच्या भरतीतून कोकणात शिक्षक किंवा ग्रामसेवक म्हणून जातात आणि रुजू झाल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसतात. त्या यादीत माझेही नाव आहे, हे आधीच सांगून टाकते. तरीही या गावाचा कारभार पाहताना जे लक्षात आले, ते मराठवाड्यातील मंडळींसमोर मांडावेसे वाटले, कारण त्यातले बरेचसे आपल्या गावांनाही लागू पडते असा माझा कयास आहे.

आपल्याकडे गावाला चारही बाजूंनी शीव असते आणि शिवेपलीकडे दुसरे गाव असते. येथे पश्चिमेला गाव नाही, समुद्र आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार भरतीरेषेखालचा समुद्राचा आणि खाडीचा तळ शासनाच्या मालकीचा असतो. म्हणजे ज्या पुळणीवर गावातील होड्या ओढून ठेवल्या जातात, जाळी विणली जातात आणि मासळी वाळवली जाते, तिचा भरतीच्या पाण्याखाली जाणारा सारा भाग ग्रामपंचायतीच्या हातात नाही. मासेमारीचे नियमन १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली मत्स्यव्यवसाय विभाग करतो, जेटी सागरी मंडळाकडे आहे, धूपप्रतिबंधक बंधारा पत्तन अभियंत्याच्या कार्यालयाकडे आहे, सुरूचे बन सामाजिक वनीकरणाचे आहे आणि घर बांधायचे म्हटले की किनारा नियमन क्षेत्राचे (सीआरझेड) नियम आडवे येतात. मग ग्रामपंचायतीकडे राहते काय, तर उधाणाबरोबर किनाऱ्यावर येऊन पडलेला कचरा, रस्त्यावरचे दिवे, नळाचे पाणी आणि कोणी पर्यटक बुडाला की सर्वांत आधी सरपंचांना येणारा दूरध्वनी.

घरांचा प्रश्न थोडा विस्ताराने सांगते, कारण माझ्या टेबलावर सर्वाधिक अर्ज त्याचेच असतात. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ ची, दुसरी २०११ ची आणि सध्याची २०१९ ची आहे. ग्रामीण किनाऱ्यासाठी सध्याच्या अधिसूचनेत दोन वर्ग केलेले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जेथे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त आहे, तेथे भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत विकासाला मनाई आहे, आणि जेथे घनता त्याहून कमी आहे तेथे २०० मीटरपर्यंत. आमच्यासारख्या विरळ वस्तीच्या गावाला अर्थातच २०० मीटर लागू होतात. मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजाची जुनी घरे या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. दोन भावांच्या चुली वेगळ्या झाल्या की दुसऱ्याने घर बांधायचे कोठे, हा प्रश्न ते मला विचारतात. अर्ज पुढे पाठवणे एवढेच माझ्या हातात असते. काही जण आधी बांधतात आणि नंतर नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, नोंद करून घेण्यासाठी येतात. घरपट्टी आकारली म्हणजे बांधकाम कायदेशीर ठरले असे होत नाही, हे समजावून सांगण्यात माझा निम्मा दिवस जातो.

आता ग्रामसभेबद्दल. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्यात असा नियम आहे आणि त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ठेवल्या जातात. या तारखा समुद्राला विचारून ठरवलेल्या नाहीत. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे गावातील तांडेल (होडीचे प्रमुख) आणि खलाशी घरी असतात ते नेमके तेव्हा, आणि त्या दोन महिन्यांत यातील एकही तारीख येत नाही. ऑगस्टपासून होड्या पुन्हा बाहेर पडू लागतात. मुंबईतील चाकरमानी गणपतीत येतात, त्यांची घरे गावात असतात, घरपट्टीही ते भरतात, पण अनेकांची नावे मतदार यादीत तिकडची असतात. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती न झाल्याने सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसल्यामुळे मूठभर लोकांत वर्षाचा आराखडा मंजूर होतो. यात कोणी गैरप्रकार करतो असे नाही, परंतु ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते समुद्रावर असतात, एवढेच.

नाथसागर, माजलगाव किंवा मांजरा धरणाच्या काठावरील गावांत राहणाऱ्यांनी आपला अनुभव सांगितल्यास मला तुलना करता येईल.

सिंदफणा

ताई, आपण तारखांचा जो मुद्दा मांडला आहे तो वाचून मी आमच्या गावाचे रजिस्टर डोळ्यांसमोर आणले. आमचे गाव बीड जिल्ह्यात, ऊसतोडीचे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला गावात म्हातारी माणसे, शाळेची मुले आणि ज्यांना बागायत आहे ते. मी एकदा सरपंच असताना जानेवारीचा विषय १ मे रोजी घेण्याचा प्रयत्न केला होता, तेव्हा वरून विचारणा झाली की आराखड्याची मुदत संपली, आता कसले विषय घेता.

समुद्र असो की उसाचा फड, ज्यांच्यासाठी योजना करायची ती माणसे योजना ठरताना गावात नसतात. एक फरक मात्र मला दिसतो. कोकणातला खलाशी संध्याकाळी किंवा चार-आठ दिवसांनी तरी परत येतो, आमचा कोयता सहा महिने येत नाही. तेवढ्या काळात गावातील रोजगार हमीची कामे, घरकुलाची यादी, रेशनकार्डातील नावे यांवर जे काही होते ते त्याच्या माघारी होते.

नाथसागरकाठ

तेरणाकाठताई, आपण विचारलेच आहे म्हणून पैठणच्या बाजूचे सांगतो. जायकवाडीचे, म्हणजे ज्याच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात त्या धरणाचे, भूमिपूजन १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे लोकार्पण केले. महाराष्ट्रातील प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदाही १९७६ चाच. म्हणजे पाणी आधी चढले आणि कायदा मागून आला. आमचे आजोबा नव्या वसाहतीत आले तेव्हा त्यांच्या हातात कायदा नव्हता, फक्त मोबदल्याचा कागद होता.

आपण कलम २० चा उल्लेख केला आहे, त्याच कलमात नद्या, नाले, तलाव यांचे तळही शासनाचे म्हटले आहेत. आमच्याकडे जलसंपदा विभाग मालक आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की जी ओली, गाळाची जमीन उघडी पडते तिला आम्ही गाळपेर म्हणतो. ती दरवर्षी भाडेपट्ट्याने द्यायची असते आणि त्यात धरणग्रस्तांना प्राधान्य असते, पण ती कोणाला किती मिळाली याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलेली मी कधी पाहिलेली नाही. मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागामार्फत सहकारी संस्थेला मिळतो. जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य असल्याने वन विभागही आहेच. तरंगत्या सौर पट्ट्यांच्या प्रकल्पाला आमच्या भोई बांधवांनी विरोध केला, तेव्हा निवेदन कोणाकडे द्यायचे यावरच पहिल्या बैठकीचा वेळ गेला.

आणि पिण्याचे पाणी? छत्रपती संभाजीनगर आणि जालना या दोन्ही शहरांना याच जलाशयातून जलवाहिन्या जातात. काठावरच्या काही वस्त्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. याहून अधिक लिहीत नाही, कारण लिहिताना राग येतो.

निवृत्त_विस्तार_अधिकारी

वरील तिन्ही प्रतिसाद मी लक्षपूर्वक वाचले. पंचायत समितीत अख्खी नोकरी काढलेला माणूस म्हणून थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

अधिकार नाहीत हे वाक्य मी इतक्या सरपंचांच्या तोंडून ऐकले आहे की आता त्यावर चटकन विश्वास बसत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ मध्ये करांची जी यादी आहे तीत घरपट्टीखेरीज यात्रा, बाजार, पाणी असे अनेक विषय आहेत. त्यातील किती ग्रामपंचायती प्रत्यक्ष वापरतात? बहुतेक गावांची गाडी घरपट्टी आणि पाणीपट्टीपुढे जात नाही. २०१५ च्या अखेरीस करआकारणी भांडवली मूल्यावर आली, त्यामुळे किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या मोठ्या हॉटेलांकडून चांगले उत्पन्न मिळायला हवे. मोजमापे अद्ययावत केली जातात का, हा माझा ताईंना सरळ प्रश्न आहे. घनकचऱ्याची ओरड करणाऱ्या गावाने हॉटेलांच्या कचऱ्याचे वेगळे शुल्क ठरावाने लावले आहे का, हा दुसरा.

आपल्याच मराठवाड्यात वाळूजजवळच्या पाटोदा गावाने भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना सगळे कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत दळून देण्याची पद्धत सुरू केली आणि वसुली कोठल्या कोठे गेली. त्यासाठी कोणतेही नवे कलम लागले नाही. सगळ्या गावांना पाटोदा व्हा म्हणणे सोपे आहे याची मला कल्पना आहे, आणि औद्योगिक वसाहतीचा शेजार प्रत्येकाला लाभत नाही हेही खरे, पण हातात असलेले हत्यार गंजू द्यायचे आणि नसलेल्यासाठी भांडायचे ही सवय मात्र मोडली पाहिजे.

तेरणाकाठ

सर, आपला प्रश्न योग्य आहे. पाटोद्याची गोष्ट मी आमच्या मासिक सभेत सांगितली होती. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, बाई, येथे अर्ध्या घरांना कुलूप आहे, दळण आणणार कोण? सभागृह हसले, पण त्यातून पुढे गणपतीच्या दिवसांत वाडीवाडीत फिरून वसुली करण्याचा ठराव झाला आणि तो उपयोगी पडला. चाकरमानी मंडळी पैसे द्यायला नाखूश नसतात, फक्त पावती घेऊन कोणी दारात आले पाहिजे.

मोजमापांबद्दल बोलायचे तर नव्याने आकारणी केली आहे. मोठे बांधकाम असेल तर मालकाचा वकील येतो, तो भाग सोडून देते. गाड्या उभ्या करण्याचे शुल्क आम्ही घेत होतो, परंतु ज्या जागेवर घेत होतो ती महसूल विभागाची निघाली आणि संबंधित कार्यालयाचे पत्र आल्यावर ते बंद करावे लागले. हत्यार गंजले नव्हते, ते चालवायची जागा दुसऱ्याची होती. आता खासगी वाडीमालक तेच पैसे घेतात आणि कचरा आम्ही उचलतो.

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाचेही सांगायला हवे. वाऱ्याने कौले, पत्रे, विजेचे खांब, आंब्या-काजूची झाडे गेली. रस्त्यावरचे ओंडके कापून वाट मोकळी करणारी माणसे गावातीलच होती, बाहेरची यंत्रणा पोहोचेपर्यंत ग्रामपंचायतीची करवत आणि गावातील तरुण एवढेच साधन होते. त्यानंतर घरांचे पंचनामे तलाठ्यांबरोबर मी केले, पण शेजारीच उलटून पडलेल्या होडीचा पंचनामा मला करता येईना, कारण तो मत्स्यव्यवसाय विभागाचा. एकाच माणसाचे घर आणि होडी, दोन्हीची नुकसानभरपाई दोन कार्यालयांतून, दोन वेगवेगळ्या वेळी. ज्या गावात होडी हेच शेत आहे, तेथे त्या होडीची एक साधी नोंदवहीही ग्रामपंचायतीच्या नमुन्यांत नाही.

माहेर_किनारा_सासर_परभणी

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिल्यावाचून राहवत नाही. माझे माहेर मालवण तालुक्यातील, रापणकरांचे घर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून टाकायचे लांब जाळे, होडी वळसा घालून ते सोडते आणि किनाऱ्यावर दोन्ही टोकांना माणसे उभी राहून ओढतात. त्या मासळीत जाळे, होडी आणि ओढणारे हात यांचे वाटे ठरलेले असतात. कोणत्या वाडीने कोणत्या दिवशी कोठे रापण लावायची याचे संकेत होते आणि भांडण झाले तर गावातील जाणती माणसे बसून मिटवत. हाही गावाचा कारभारच होता, फक्त ग्रामपंचायतीच्या दप्तरात नव्हता.

पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढा घालणारी मोठी जाळी) आणि मोठे ट्रॉलर आल्यावर ते संकेत अपुरे पडले. राज्याची हद्द १२ सागरी मैलांपर्यंत, त्यातही जवळच्या पाण्यात यांत्रिक नौकांना बंधने, २०१६ च्या फेब्रुवारीत पर्ससीनवर निर्बंधांचा आदेश निघाला आणि २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले, निर्णयाचा अधिकारही तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे गेला. कागदावर हे सारे आहे. परंतु रात्री दिवे लावून आलेली नौका किनाऱ्यावरून दिसत असताना गावाला काही करता येत नाही.

बायकांचा विषय अजून कोणी काढला नाही. मासळी विकणे, सुकवणे, हिशेब ठेवणे हे आमच्याकडे बायकांचे काम. त्यांना ग्रामपंचायतीकडून हवे असते ते अगदी साधे : मासळी बाजारात ओटे, वर छप्पर, पाण्याचा नळ, बर्फ ठेवायला जागा आणि पाळीव कुत्री-मांजरे आत येणार नाहीत असे दार. हे सगळे ग्रामपंचायतीच्या अधिकारात बसते. महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, त्यामुळे सदस्य बायकाही असतात, तरीही पैसे स्वागतकमानीला आणि किनाऱ्यावरच्या बाकड्यांना आधी मिळतात. सुकट वाळत घालायच्या जागेवर आता पर्यटकांच्या खुर्च्या आहेत आणि मासळीचा वास येतो अशी तक्रार पाहुणे करतात. वास येणारच, ते मासेमारांचे गाव आहे. निवृत्त अधिकारी काकांचे म्हणणे मला म्हणूनच अर्धे पटते. समुद्र ग्रामपंचायतीचा नाही हे खरे, पण ओटा तर तिचा आहे.

परभणीत येऊन मला अनेक वर्षे झाली. येथे गोदेच्या वाळूवरून जे चालते ते पाहिल्यावर ट्रॉलरवाल्यांची आठवण येते, एवढेच म्हणते.

सिंदफणा

वाळूचे नाव निघालेच आहे म्हणून दोन ओळी. पूर्वी घाटाच्या लिलावाआधी ग्रामसभेची शिफारस घेत असत आणि त्यामुळे निदान विषय गावात येत असे. शिफारस नाकारणाऱ्या ग्रामसभाही मी पाहिल्या आहेत. नंतर रात्री काय होत असे ते या धाग्यावर न लिहिलेले बरे, आणि विषयही भरकटेल.

निवृत्त_विस्तार_अधिकारी

परभणीच्या ताईंचा ओट्याचा मुद्दा शिरसावंद्य. तेरणाकाठ यांचे जागेच्या मालकीचे उत्तरही मला मान्य आहे. शासन मोकळ्या जागा, गायराने ग्रामपंचायतीकडे निहित करू शकते. वाहनतळाची जागा भरतीरेषेच्या वर असेल तर तसा प्रस्ताव ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. वेळ लागेल, पण प्रस्ताव नाही म्हटल्यावर वेळ मोजायचा तरी कशाचा?

पैशाच्या बाजूने पाहताना मात्र मला आपणा सर्वांच्या अनुभवांत एक समान धागा दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२५-२६ पर्यंतचा) जो निधी राज्यात आला त्यातील ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समित्यांना आणि १० टक्के जिल्हा परिषदांना होता. त्यातील ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा होता. कोणत्या गावाला किती, हे ठरवताना सर्वाधिक भार २०११ च्या लोकसंख्येवर होता. आता पाहा, किनाऱ्यावर डिसेंबरच्या सुट्टीत जेवढी माणसे येतात आणि कचरा टाकून जातात, ती कोठल्याच गणतीत नाहीत. चाकरमानी मुंबईत मोजले गेले. आणि २०११ ची प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, तेव्हा बीडच्या टोळ्या ऊसतोडीवर, कोपीत (तात्पुरत्या झोपड्यांत) होत्या. नियमाप्रमाणे संपूर्ण मोजणीकाळात जो घरी नव्हता तो जेथे सापडेल तेथे मोजायचा. सिंदफणा, आपल्या गावाची त्या वर्षीची लोकसंख्या आणि मतदार संख्या शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहे का?

सिंदफणा

नाही पाहिली. उद्याच ग्रामपंचायतीत जाऊन पाहतो. आमच्या तांड्यावरची बरीच घरे तेव्हा बंद होती हे मला चांगले आठवते.

नाथसागरकाठ

माझ्याकडूनही एक. गाळपेर वाटपाची यादी मागणारा ठराव येत्या ग्रामसभेत मांडायचा विचार आहे. विभाग जमीन आमच्या ताब्यात देणार नाही हे उघड आहे, पण यादी मागण्यास हरकत नसावी. काका, असा ठराव वैध ठरतो का, आणि मजकूर कसा असावा?

निवृत्त_विस्तार_अधिकारी

वैध ठरतो. मजकुरात मागणी जमिनीची ठेवू नये, माहितीची ठेवावी : चालू वर्षी गावाच्या हद्दीत उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीचे क्षेत्र, भाडेपट्टाधारकांची नावे, प्रत्येकाचे क्षेत्र व भाडे, आणि धरणग्रस्त असल्यास तशी नोंद. ठरावाला सूचक-अनुमोदक घ्यावेत, प्रत शाखा अभियंता आणि तहसीलदार दोघांनाही द्यावी आणि पोहोच घ्यावी. पंधरा-वीस दिवसांत उत्तर न आल्यास तोच मजकूर माहिती अधिकाराच्या अर्जात उतरवावा.

सिंदफणा यांनी एक लक्षात ठेवावे. येणाऱ्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे, म्हणजे लोकसंख्येची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच, ऐन गाळपात. टोळ्या निघण्यापूर्वीच्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत स्थलांतरित कुटुंबांची नावनिशीवार यादी करून ती तहसील कार्यालयात दिली, तर मोजणी बदलणार नाही कदाचित, पण पुढे निधीवाटपावर दाद मागताना हातात कागद राहील.

तेरणाकाठ

ही कल्पना मला आमच्या गावासाठीही घ्यावीशी वाटते. होड्यांची नोंदवही शासनाच्या नमुन्यांत नसली तरी ग्रामसभेच्या ठरावाने गावाने स्वतःची ठेवण्यास कोणी अडवलेले नाही : होडीचा नोंदणी क्रमांक, मालक, खलाशी, जाळी. पुढील वादळात पंचनामा कोणीही करो, ती वही पुढे ठेवता येईल. येत्या बंदीच्या काळात, सगळे तांडेल गावात असताना, जूनमध्ये एक जादा ग्रामसभा बोलावण्याचा विषय मी सरपंचांपुढे ठेवते. काय झाले ते येथेच कळवीन.